कान बसल्याचा चहा

सुरतेच्या नवागामात शालिग्रामला कोणी बहिरा म्हणत नसे. म्हणायचंच झालं, तर अर्ध्या वस्तीला म्हणावं लागलं असतं. पारोळ्याकडच्या एका खेड्यातून हा माणूस मिसरूड फुटायच्या आत सुरतेला आला. चुलत्याने त्याला लूमच्या खात्यात उभं केलं आणि तेव्हापासून तो उभाच होता. खातं म्हणजे मागांचा कारखाना. वर पत्रे, खाली दाटीवाटीने लावलेले माग आणि मधून अंग चोरून जाता येईल एवढी वाट. तिथल्या आवाजाचं वर्णन करण्यात काही अर्थ नाही. ज्याने तो ऐकलाय त्याला सांगायला नको, आणि ज्याने ऐकला नाही त्याने आपलं नशीब चांगलं समजावं.

त्या आवाजात बोलायचं ते हातांनी. दोन्ही तर्जन्या एकमेकींना टेकवून झटक्यात लांब केल्या की समजायचं, तार तुटली. अंगठा ओठांशी नेला की चहा. कपाळावर आडवा हात धरला की मास्तर, म्हणजे खात्याचा मुकादम, येतोय, विडी विझवा. असल्या चार-दोन खुणांवर शालिग्रामचा जन्म निघाला होता, आणि त्याची त्याबद्दल काही तक्रार नव्हती. ‘का’ विचारायची खूण मात्र त्या भाषेत नव्हती. खात्यात कोणी का विचारत नाही.

एक रिवाजही होता. नवं पोरगं मागावर उभं राहिलं की पहिले काही महिने त्याचे कान घरी गेल्यावरही वाजत राहतात. जेवताना वाजतात, उशीवर डोकं ठेवलं की वाजतात. पोरगं चिडचिडं होतं, झोपेत दचकतं. मग एक दिवस ते थांबतं. आवाज बोचेनासा होतो. याला खात्यात म्हणत ‘कान बसले’. तळहाताला घट्टे पडले की सुई टोचत नाही, तसं. ज्याने पोराला कामाला लावलं असेल त्याने त्या दिवशी सगळ्या पाळीला चहा पाजायचा, आणि सगळ्यांनी ग्लास उंच करून पोराकडे बघून हसायचं. कान बसले, कारीगर झाला! शालिग्रामच्या वेळी चुलत्याने पाजला होता. तो चहा त्याला अजून आठवत असे, आलं जास्त पडलेला.

पण योगेंद्र जन्मला तेव्हा त्याच शालिग्रामने बायकोला, मालतीबाईला, शब्द दिला होता, "मना पोऱ्या खातामा जावाव नही." माझं पोरगं खात्यात जाणार नाही. घरोघरचे बाप असं म्हणतात आणि मग पोरगं तेरा-चौदाचं झालं की त्याला हळूच सुताने भरलेल्या कांड्या मागांवर पोचवायला नेतात. शालिग्राम मात्र शब्दाला चिकटून होता. मालतीबाई घरी बसून साड्यांना टिकल्या लावायची, तो बारा-बारा तास मागावर असायचा, आणि पोरगं शाळेत जायचं. असं सगळं बरं चाललं होतं. मग प्लेग आला.

चौऱ्याण्णवला, प्लेगच्या साली, सुरत कशी रिकामी झाली ते सांगायला नको. तोंडाला फडकी बांधून माणसं गाड्यांच्या टपांवर चढली. शालिग्रामनेही बायकापोरांना गावी पोचवलं आणि सगळ्यांच्या आधी परत आला, कारण पोटाला प्लेगची भीती वाटत नाही. खातं अर्धं ओस होतं. शेठ म्हणाला, ज्याला हवेत त्याने जास्तीचे माग घ्या. शालिग्रामने घेतले. पण हात दोनच. माणसं परत येईपर्यंत, दिवाळीपर्यंत, फार तर संक्रांतीपर्यंत, असं म्हणत त्याने गावाहून परत आणलेल्या तेरा वर्षांच्या योगेंद्रला शाळा सुटल्यावर त्या जास्तीच्या मागांवर उभं केलं. दिवाळी आली, संक्रांत गेली, माणसंही परतली. पोरगं मागावरच राहिलं. सोय एकदा घरात आली की पाहुण्यासारखी उठून जात नाही.

त्याच हिवाळ्यात योगेंद्रचे कान बसले. "आबा, आते काही वाटत नही," तो म्हणाला, आणि शालिग्रामला, खरं सांगायचं तर, आनंद झाला. शब्द मोडल्याची टोचणी होती. पण बाप म्हणून एक वेगळीच गुदगुलीही झाली. त्याने पाळीला चहा तर पाजलाच, वर फाफडाही मागवला. सगळ्यांनी ग्लास उंच केले. पोरगं लाजून हसलं.

फुटबॉल त्या घरात आला तो शेजारच्या मारुतीमुळे. मारुती मूळचा भुसावळचा, रेल्वे कॉलनीतला. त्याचा बाप रेल्वेत आणि तोही रेल्वेत, उधना यार्डात डबे जोडायच्या कामावर. भुसावळच्या रेल्वे मैदानावर अनवाणी फुटबॉल खेळत तो मोठा झाला होता. सुरतेत सगळी पोरं बॅट घेऊन हिंडताना बघून त्याला वैताग यायचा. "दोन पोरं खेळतात आणि वीस उन्हात उभी राहतात, याला काय खेळ म्हणायचा?" त्याने वस्तीतल्या लूमवाल्यांची पोरं गोळा केली आणि एका खात्याच्या मागच्या मोकळ्या जागेत शिकवायला सुरुवात केली. खात्याच्या भिंतीपलीकडे दिवसभर माग चालत. तिथे मारुतीच्या शिट्टीचा काही उपयोग नव्हता, ती मारुतीच्याच कानांपर्यंत पोचत नसे. म्हणून त्याने यार्डातल्या जुन्या झेंड्या आणल्या. लाल झेंडी वर गेली की खेळ थांबला. हिरवी हलली की सुरू. पोरांची नजर सदा झेंडीवर. एकमेकांना बोलवायचं तेही खात्याच्या खुणांनीच. बाहेरचा संघ आला की तो चक्रावून जायचा. ही पोरं ना ओरडतात ना बोलतात, आणि चेंडू कुठे जाणार ते बरोबर ओळखतात.

योगेंद्र त्यांच्यात बचावाला खेळायचा. पुढून येणाऱ्याच्या खांद्यावरून, कमरेवरून तो ओळखायचा की हा कुठे वळणार, आणि जमिनीवर घसरत जाऊन चेंडू असा काढून घ्यायचा की समोरच्याला दोन पावलं पुढे गेल्यावर कळावं. मारुतीने त्याला आधी जिल्ह्याला नेलं, मग तो राज्याकडून खेळला. आणि सत्त्याण्णवच्या थंडीत शेजारपाजारच्या देशांची कुमार पोरांची स्पर्धा कलकत्त्याला भरायची ठरली. भारत, नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका. त्या स्पर्धेच्या भारताच्या संघात नवागामच्या गल्लीतलं एक नाव होतं.

निवड झाली त्या दिवसापासून योगेंद्र मागावर गेला नाही. शालिग्रामने त्याला जाऊच दिलं नाही. मारुतीने शालिग्रामला समजावलं होतं, ओठ मोठे हलवून, हळूहळू: "शालिकभाऊ, रेल्वे खेळाडू घेते. पोरगं एकदा भारताकडून खेळलं ना, की अठरा पुरी होताच मी त्याला चिकटवतो. पक्की नोकरी, क्वार्टर, पास." शालिग्रामच्या डोक्यात तेवढंच राहिलं. देशबिश ठीक आहे. पोरगं खात्यात जाणार नाही. मोडलेला शब्द परत सांधता येईल. तुटलेली तार सांधण्यातच त्याचा जन्म गेला होता, त्यामुळे त्याला ते अगदी शक्य वाटलं.

शिबिराला निघण्याच्या आदल्या आठवड्यात एक क्षुल्लक गोष्ट झाली. मालतीबाईने कुकर लावला आणि योगेंद्रला म्हणाली, "मी उषाबाईकडे साड्या दी येस. तीन शिट्ट्या व्हयन्यात का बत्तीचा स्टो बंद कर." ती परत आली तेव्हा घरभर जळका वास आणि पोरगं कुकरपासून हातभर अंतरावर चेंडू पुसत बसलेलं. तिने त्याला आळशी म्हटलं, ऐदी म्हटलं, देशाचा खेळाडू झाला तर घरचा नवाब झाला का म्हणून विचारलं. योगेंद्र म्हणाला, शिट्टी झालीच नाही. आई म्हणाली, वर खोटं बोल. शालिग्राम जेवायला बसला होता. तो हसला, आणि त्याने जळकी डाळ मुकाट खाल्ली.

उपांत्य सामना बघायला मारुती शालिग्रामला घेऊन गेला. मालतीबाईने कळण्याच्या भाकरी आणि ठेचा बांधून दिला. उधन्याहून हावडा एक्सप्रेस. आयुष्यात शालिग्राम सुरत आणि पारोळा यांच्या पलीकडे गेला नव्हता. गाडी आपल्या खानदेशातून धडधडत गेली तेव्हा तो दाराशी उभा राहून बघत होता. एवढ्या गाड्या सुरतेकडे येताना त्याने पाहिल्या होत्या, पण ही उलटी निघालेली गाडी आपल्याला कुठेतरी चांगल्या जागी नेतेय असं त्याला वाटलं. तसं त्याने मारुतीला बोलूनही दाखवलं. इतक्या मोठ्याने, की अख्ख्या डब्याने ऐकलं.

मैदान पाहून तो दबकला. थंडीचं कोवळं ऊन, हिरवं गवत, आणि माणसांनी भरलेल्या पायऱ्या. समोर नेपाळचा संघ. योगेंद्रच्या अंगात निळा सदरा होता आणि तो त्याला जरा मोठा होत होता. मालतीबाई असती तर बाहीला टाका घालून दिला असता, असं शालिग्रामच्या मनात आलं. भारताने पहिल्या अर्ध्यातच गोल केला. योगेंद्रच्या बाजूने एकही जण पुढे जात नव्हता. आजूबाजूचे बंगाली म्हातारे, ज्यांना फुटबॉलमधलं सगळं कळतं अशी त्यांची स्वतःची खात्री असते, तेसुद्धा माना डोलवत होते. मारुतीने शालिग्रामकडे बोट दाखवून त्यांना सांगितलं, हा बाप. एकाने शालिग्रामला चिनीबदाम दिले, म्हणजे आपल्याकडचे शेंगदाणेच.

मग ते झालं. नेपाळचा दहा नंबरचा पोरगा, बारीक, चपळ, चेंडू घेऊन मधून आला. मागे कुठेतरी कुणीतरी कुणाला तरी पाडलं. त्या पोराने चेंडू पायाखाली दाबला आणि तो उभा राहिला. पाठ अर्धवट वळलेली. आणि योगेंद्र उजवीकडून आला, घसरत, गवतावर लांबलचक रेघ ओढत, पाय पुढे. शालिग्रामने आयुष्यात इतकं सुंदर काही पाहिलं नव्हतं. चेंडू सुटून लांब गेला. शालिग्राम उठून उभा राहिला आणि दोन्ही हातांनी टाळ्या वाजवत, सगळा जीव घशात आणून ओरडला, "वा रे मना वाघ!"

आजूबाजूचे सगळे त्याच्याकडे बघत होते. चिनीबदामवाला म्हातारा थुंकला. शालिग्रामच्या टाळ्या आपोआप हळू झाल्या. खाली तो नेपाळी पोरगा जमिनीवर पडला होता आणि त्याचा पाय गुडघ्याखाली भलत्याच बाजूला वळला होता. दोन्हीकडची पोरं धावत आली. कोणीतरी योगेंद्रला ढकललं. तो उभा होता, हात पसरून, चेंडू लागला होता, चेंडूच घेतला होता, असं दाखवत. पंचाने लाल कार्ड काढलं. तो लाल रंग मात्र बापलेक दोघांनाही लगेच समजला. झेंडी वर गेली की खेळ थांबला.

मारुतीने त्याला खाली बसवलं. त्याने आधी तोंडात दोन बोटं घातली, शिट्टी वाजवल्यासारखी. मग हात आडवा करून दाखवला, सगळं थांबलं. मग आपल्या नडगीवर मूठ मारली. शालिग्रामला अर्थ लागायला वेळ लागला. शिट्टी वाजली होती. सगळे थांबले होते. ते पोरगं म्हणूनच उभं राहिलं होतं. आणि थांबलेल्या पोराचा पाय आपल्या पोराने मोडला होता. नंतर नेपाळने दोन गोल केले आणि भारत हरला. ते शालिग्रामने पाहिलंच नाही, त्याची मान वर होत नव्हती.

संध्याकाळी संघ उतरला होता त्या इमारतीच्या फाटकाशी त्यांना योगेंद्र भेटला. बरोबर प्रशिक्षक होते, आणि संघातली चार-दोन पोरं लांब उभी होती. प्रशिक्षक हिंदीत बोलले. मारुतीने ते शालिग्रामच्या तोंडासमोर तोंड आणून सांगितलं: शिट्टीनंतर मारलंय याने. पूर्ण मैदानाने ऐकली. वर म्हणतो, वाजलीच नाही. बंदी घालणार आहेत, आणि चुकीची कबुलीसुद्धा देत नाही हा.

योगेंद्रचे डोळे सुजले होते. तो बापाकडे बघून म्हणाला, "आबा, शिट्टी वाजनीच नही. मन्ही आण."

खरं तर त्या क्षणी शालिग्रामच्या आतून कोणीतरी म्हणालं होतं, मलाही ऐकू आली नाही. पण ते त्याने गिळलं. आपलं काय, आपण लूमचे बहिरे. एवढी माणसं ऐकतात आणि हा एकटा नाही म्हणतो, म्हणजे हा खोटं बोलतो. आणि समोर शिकलेली माणसं उभी. नवागामच्या लोकांची पोरं अशीच, असं ती म्हणणार. त्याने सगळ्यांसमोर पोराच्या कानाखाली ओढली. बोटं उमटली. "आमना घर असं शिकाडतस नही," तो प्रशिक्षकांना अहिराणीत म्हणाला, आणि त्यांना ते कळलं नाही.

योगेंद्रने गालाला हातसुद्धा लावला नाही. परतीच्या सगळ्या प्रवासात तो वरच्या फळीवर भिंतीकडे तोंड करून पडून होता.

बंदी एका वर्षाची होती. सुरतेच्या पेपरात चार ओळी आल्या. नाव छापून आलं होतं, त्यामुळे वस्तीत न वाचणाऱ्यांनाही ते वाचता आलं. दैव देतं आणि कर्म नेतं, असं बायका मालतीबाईला ऐकवून गेल्या. ज्या पोरांनी योगेंद्रला खांद्यावर घेऊन मिरवलं होतं तीच आता तो गल्लीतून निघाला की मागून शिट्ट्या मारायची. थांब रे, शिट्टी झाली, थांब! खी खी खी. योगेंद्र तसाच ताठ चालत जायचा. शालिग्रामला त्याचा पत्ताच नव्हता. त्या घरात ऐकू येणारी एकटी मालतीबाई होती, तिला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. आधी तिला वाटलं, पोराचं काळीज मोठं आहे, सोडून देतोय. मग एक दिवस तिने खिडकीतून नीट पाहिलं. शिट्टी अगदी मानेशी वाजली, आणि पोराची पापणीसुद्धा हलली नाही. सहन करणारा माणूस निदान मान तरी आवळतो.

तिने शालिग्रामला जेवता जेवता थांबवलं. समोर बसली आणि ओठ नीट हलवत म्हणाली, "त्याले शिट्टी ऐकू येत नही."

"काय?"

"शिट्टी. कुकरनी बी नही. गल्लीमधला पोरे मांगे शिट्ट्या वाजाडतस, तो फिरीसन बी दखत नही."

"मंग मन्हं बोलनं कसं ऐकस तो?"

"तुम्हना तोंडकडे दखस," मालतीबाई म्हणाली. "तुम्ही मन्हाकडे दखतस तसं."

शालिग्रामच्या हातातला घास ताटात परत गेला.

सोमवारी त्या भागातली वीज बंद असायची, खाती बंद. मागच्या मोकळ्या जागेत त्या दिवशी शांतता होती, म्हणजे असावी. मारुती आपली यार्डातली शिट्टी घेऊन आला. योगेंद्र पाठमोरा उभा राहून एकटाच चेंडू पायावर उडवत होता, सवयीने. मारुती त्याच्या मागे वीस-पंचवीस पावलांवर थांबला. शालिग्राम बाजूला. त्याला स्वतःला तर काही ऐकू येणार नव्हतं, म्हणून तो नुसता बघत राहिला. मारुतीचे गाल फुगले. गोलच्या खांबाशी झोपलेलं कुत्रं ताडकन उठलं. तारेवरच्या साळुंक्या उडाल्या. भिंतीवर बसलेल्या पोरांनी माना वळवल्या. योगेंद्रच्या पायावर चेंडू उडत राहिला, एकसारखा, छान.

मारुती जवळ गेला, दहा पावलांवर. पुन्हा गाल फुगले. मग आणखी जवळ. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, फुंकून फुंकून आलं असेल किंवा दुसऱ्या कशाने. कुत्रं भुंकायला लागलं. आणि त्या भुंकण्याकडे योगेंद्रने मान वळवली, कारण जाड आवाज त्याला येत होते. वळल्यावर त्याला दिसलं. तोंडात शिट्टी घेतलेला मारुती, आणि बाजूला बाप. तो काही मूर्ख नव्हता.

"मामा," तो मारुतीला म्हणाला, "वाजाडी का?"

चेंडू घरंगळत भिंतीपर्यंत गेला.

खात्याने त्या पोराचे सगळे आवाज नेले नव्हते, नेमके वरचे, बारीक, तीक्ष्ण तेवढे नेले होते. इतकी वर्षं ते कोणाच्या लक्षात आलं नाही, कारण बापाचे त्याच्याही आधी गेले होते, आणि गुरू झेंड्यांनी शिकवत होता. शिबिरात तो बाकीचे थांबले की थांबायचा. कलकत्त्याला त्याची नजर फक्त त्या दहा नंबरवर होती.

मारुती म्हणाला, "उद्या सिव्हिलला नेऊ. कानाच्या डॉक्टरकडून लिहून घेऊ, पाठवून देऊ त्यांना. पोराच्या तोंडाला लागलेलं काळं तरी पुसलं जाईल. त्या नेपाळच्या पोरालाही कळेल की मुद्दाम नव्हतं."

शालिग्रामने मान हलवली. पण योगेंद्र म्हणाला, "नही."

"अरे, पण लोक तुला बदमाश म्हणतात."

"म्हनू द्या. बदमाशले एखादावेळ परत लेतीन," योगेंद्र म्हणाला. "बहिराले कोन ली, मामा? ना संघमा, ना रेल्वेमा."

पोरगं खरं बोलत होतं. तो बदमाश राहिला. नेपाळात कुठेतरी एक पोरगं पायाला प्लॅस्टर घालून पडलं होतं आणि हिंदुस्तानातल्या एका दांडग्याने आपल्याला मुद्दाम मोडलं असं समजत होतं. त्याला खरं सांगायची वाट शालिग्रामने आपल्या हाताने बंद होऊ दिली. एकदा चहा पाजून त्याने पोराचं वाटोळं केलं होतं, आता गप्प बसून दुसऱ्याच्या पोरावर अन्याय केला. हे त्याला कळत होतं. कळून तो दुसरं काही करू शकला नाही, एवढीच त्या माणसाची पत.

आणि ती थप्पड. ‘चुकलं मन्हं’ एवढे दोन शब्द. किती वेळा ते ओठांपर्यंत आले. पोरगं तोंडाकडे बघायचं, बापाचं तोंड उघडायचं, आणि ‘जेवनास का?’ असं काहीतरी बाहेर पडायचं. शालिग्रामच्या बापाने कधी त्याची माफी मागितली नव्हती, तेव्हा ती कशी मागतात हे त्याला पाहायलाच मिळालं नव्हतं. उद्या बोलू, असं म्हणत वर्ष गेलं.

बंदी संपली. बोलावणं आलं नाही. मारुतीने रेल्वेच्या संघाकडे शब्द टाकला. निवडीच्या दिवशी योगेंद्र मैदानावर सगळ्यांपेक्षा चांगला खेळला म्हणे, पण दुपारी वैद्यकीय तपासणी होती, आणि तिथे एका बाईने त्याच्या पाठीमागे उभं राहून छोटीशी घंटी वाजवली. तो दिवसाउजेडी घरी परतला. मारुती आठ-पंधरा दिवस तोंड चुकवत होता. मग त्याने मोकळ्या जागेतल्या पोरांना लाल झेंडीऐवजी शिट्टी लावायचा प्रयत्न केला. पोरांना ती ऐकू येत नव्हती. काहींना पलीकडच्या मागांमुळे, काहींना कानांमुळे, हे त्याने तपासलं नाही. त्याने शिकवणं बंद केलं.

त्यानंतरच्या एका सकाळी शालिग्राम दिवसपाळीला गेला. माग चालू झाले होते. आपल्या मागांपाशी उभं राहिल्यावर त्याला चहावाला दिसला, सगळ्या पाळीला ग्लास वाटत होता. अशा वेळी चहा म्हणजे कोणाचा तरी रिवाज. कोणाचे बसले आज, म्हणून त्याने सहज नजर फिरवली, आणि कोपऱ्यातल्या मागांपाशी योगेंद्र उभा होता. कमरेला फडकं बांधलेलं. त्याने बापाला न विचारता मास्तरला गाठलं होतं. आता तो पुऱ्या पाळीचा कारीगर होता, आणि कामाला लावणारा दुसरा कोणी नसल्याने चहाही त्यानेच मागवला होता. सगळ्यांनी ग्लास उंच केले. कोणीतरी शालिग्रामच्याही हातात एक कोंबला.

त्याने ग्लास मागाच्या कडेला ठेवला आणि पोराकडे बघून हात वर केले. त्याला विचारायचं होतं, का? हात हवेत तसेच राहिले. मग त्याला म्हणायचं होतं, चुकलं माझं, तेव्हा कलकत्त्याला मारलं ते, आणि त्याच्याही आधीचं सगळं. इतके दिवस जे तोंडाला जमलं नव्हतं ते कदाचित हातांना जमेल, असं त्याला एकदम वाटलं. त्याने तळवे उघडले, मिटले, एक हात छातीशी नेला. असली खूण खात्यात कोणी कधी केली नव्हती.

योगेंद्र त्याच्या हातांकडे नीट बघत होता. शेजाऱ्याच्या मागाकडे बघावं तसा, लक्ष देऊन. त्याला काही कळलं नाही. मग त्याची नजर बापाच्या खांद्यावरून मागे गेली. त्याने आपल्या दोन्ही तर्जन्या एकमेकींना टेकवल्या, झटक्यात लांब केल्या आणि शालिग्रामच्या मागे बोट दाखवलं.

शालिग्राम वळला. त्याच्या मागावर तार तुटली होती आणि कापडात एक रेघ पडत चालली होती. त्याने माग थांबवला आणि खाली वाकून तो गाठ मारू लागला.